पाटीमागून येणारी खुर्ची

१

बुटाचा नंबर काय, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न होता. दुसरा, थंडी चालते का. तिसरा नव्हताच. मी अडतीस वर्षं वूस्टरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होते, त्याआधी मिरजेला शिकले, हे सगळं छान टाइप करून नेलं होतं. समोरच्या वॉल्ट नावाच्या माणसाने त्या कागदावर पिझ्झाचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "थँक्सगिव्हिंगनंतर ये."

ऑक्टोबरात स्की रिसॉर्टवाले हंगामी नोकऱ्यांसाठी मेळावा भरवतात. मला तिथे नेलं आसावरीने. ती आमच्या श्रूजबरीतलीच, सत्तेचाळीस वर्षांची, मूळची नागपूरची. आयटीतून लेऑफ झाली तेव्हा सहा महिने अर्ज करकरून थकली आणि म्हणाली, "पद्मामावशी, चुलीत गेलं ते आयटी. हिवाळाभर डोंगरावर राहू. राहायला खोली देतात, फुकट स्की करता येतं. तुम्हीपण चला." तिला बूट आणि स्की भाड्याने देण्याच्या दुकानात काम मिळालं आणि मला लिफ्टवर. रिसॉर्ट व्हर्माँटमध्ये आहे. नाव सांगत नाही, मला परत जायचंय तिथे.

सहासष्टाव्या वर्षी ही अवदसा का आठवली, असं माझ्या मुलाने, निहारने, विचारलं. कारण तोच होता. मे महिन्यात मी एकदा गॅस चालू ठेवून देवळात गेले. एकदाच! तेव्हापासून तो त्याच्या घरून, प्लेनोहून, रोज फोन करून आज वार कोणता ते विचारायचा. डॉक्टरांनी विसरभोळेपणा तपासायला मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर मी सेकंदकाट्यासकट काढून दिलं. तरी याचं पालुपद तेच, "आई, घर विकून टाक. आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे. आता तू बस ना निवांत."

शेवटी मी पैज लावली. मार्चअखेरपर्यंत एकही चूक न करता नोकरी टिकवली, तर प्लेनोचा विषय कायमचा बंद. मधेच घरी पाठवलं, तर घर विकून त्याच्या खालच्या खोलीत. तो लगेच हो म्हणाला, याचाच मला जास्त राग आला.

२

काम सोपं होतं. डोंगराच्या माथ्यावर, लिफ्ट संपते तिथे, एक लाकडी खोपटं आहे. त्यात एक हीटर, एक फोन, एक वॉकीटॉकी, एक लाल बटण आणि मी. समोर जाड दोरावर लटकलेल्या तीन-तीन माणसांच्या खुर्च्या खालून येतात, माणसं उतरतात, खुर्ची मोठ्या चाकाला वळसा घालून परत खाली जाते. कुणी पडलं तर बटण दाबायचं. बाकी वेळ फावड्याने बर्फ सारखा करायचा आणि येणाऱ्याला हसून दाखवायचं. मी सगळ्यांना मराठीतच "या, या, सावकाश" म्हणायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट पोरंटोरं मला "याया" म्हणायला लागली.

चार वाजता लिफ्ट बंद. त्याची पद्धत अशी की खालचा माणूस, ड्वेन, शेवटची माणसं बसवली की त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्चीवर पिवळी पाटी अडकवतो आणि मला फोन करून खुर्चीचा नंबर सांगतो. अकरा मिनिटांनी पाटी वर पोचली की समजायचं, दोरावर आता कुणी नाही. बटण दाबायचं. मग वॉल्ट स्नोमोबाइल घेऊन मला न्यायला येतो, कारण मला स्की येत नाही.

"पाटी दिसली रे दिसली की बटण दाब," वॉल्टने पहिल्याच दिवशी बजावलं. "मागे बघत बसू नकोस."

आता मला सांगा, थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी रक्त टिपायच्या गॉझचे तुकडे मोजायचे असतात, एखादा आत राहू नये म्हणून. मोजणी जुळेपर्यंत सर्जनने कितीही आदळआपट केली तरी नर्स सुई हातात देत नाही. अडतीस वर्षं हेच केलेल्या बाईला मागे बघू नकोस म्हणून कसं चालेल? डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस पाटी आली आणि मी बटणावर हात ठेवून जरा थांबले. पाच-सहा खुर्च्या आल्या, सगळ्या रिकाम्या. वर उतरताना माणसं पुढचा आडवा बार उचलतात आणि तो उचललेलाच राहतो. रिकामी खुर्ची म्हणजे बार वर, हे ठरलेलं.

सातवीचा बार खाली होता. सगळ्या खुर्च्यांवर दिवसभराचा बर्फ साचला होता आणि हिची बैठक कोरडी होती. पाठीवर नंबरही नव्हता. ती चाकाला वळसा घालून गेली आणि मी बटण दाबलं.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खुर्च्या मोजल्या. एक नंबरपासून परत एक नंबरपर्यंत शहाण्णव. चार वाजता, पाटी वर आल्यापासून, वॉल्ट येईपर्यंत लिफ्ट चालू ठेवून पुन्हा मोजल्या, तर सत्याण्णव.

मी घाबरले, अगदी खरं सांगते. खुर्चीला नाही, स्वतःला घाबरले. म्हणजे निहारचं बरोबर की काय? त्या रात्री झोपायच्या आधी सतराचा पाढा म्हटला, आमच्या बॅचच्या बावीस मुलींची नावं म्हटली. सगळं बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा सत्याण्णव. कधी ती चाळीस-एक्केचाळीसच्या मधे असायची, कधी बारा-तेराच्या. बार खाली आणि बैठक कोरडी, हे मात्र रोजचं.

"वॉल्ट, आपल्या लिफ्टला खुर्च्या किती?" मी स्नोमोबाइलवर बसता बसता विचारलं.

"शहाण्णव. का?"

"सहज. पाटी आल्यावर बटण दाबायची इतकी घाई का असते तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हातमोजे घालत राहिला. "तू काही बघितलंस का?" त्याने विचारलं.

हो म्हटलं असतं तर? म्हातारीला नाहीत त्या खुर्च्या दिसतात म्हणून दुसऱ्या दिवशी घरी. पुढे घराला गिऱ्हाईक आणि प्लेनोची खालची खोली. मी म्हटलं, "छे! मी काय बघणार?" तो बरं म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

आसावरीलाही सांगितलं नाही. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, राइस कुकरमध्ये खिचडी लावायचो, एकमेकींच्या घोरण्यावरून भांडायचो. पण ती बिचारी मला डोंगरावर आणणारी. तिच्या जिवाला घोर कशाला?

४

पुढची चूक माझी. ती मराठी माणसाच्याच हातून व्हावी अशी होती.

चौदा जानेवारीला संक्रांत. आदल्या रविवारी मी आणि आसावरीने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या केल्या. गुळाचा पाक जरा पुढे गेला, त्यामुळे वड्या अशा कडक झाल्या की ड्वेनने एक खाल्ली आणि दातांचा विमा आहे का विचारलं. संक्रांतीला मी दिवसभर वर येणाऱ्या प्रत्येकाला वडी दिली आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हटलं. लोक खूश. एका बाईंनी तर मला मिठीच मारली.

चार वाजता पाटी आली. मागून बार पाडलेली ती खुर्चीही आली. डब्यात एक वडी उरली होती. संक्रांतीला दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. हात आपोआप पुढे झाला. मी ती वडी कोरड्या बैठकीवर ठेवली आणि तोंडातून सवयीने निघालंच, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

खुर्ची वळसा घेऊन गेली. मला स्वतःचंच हसू आलं. हात्तिच्या, खुर्चीला कसला तिळगूळ!

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वडी नव्हती. वारा पडला होता, दोराची करकरसुद्धा बंद वाटत होती. खुर्ची माझ्यापासून चार हातांवर आली आणि कुणीतरी म्हणालं, "या, या, सावकाश."

आवाज माझा होता. मी तोंड उघडलं नव्हतं. तो जरा जास्तच गोड होता, मी पाहुण्यांसमोर काढते तसा. मी खोपट्यात शिरून दार लावून घेतलं आणि बटण दाबलं.

५

त्या आठवड्यात लाँग वीकेंड होता. शनिवारी गर्दी उसळली आणि रविवारी दुपारी वादळ आलं. तीनपर्यंत निम्मी माणसं घरी गेली. बाराला जेवताना आसावरी म्हणाली होती, "मावशी, आज माझी शिफ्ट साडेतीनला संपते. शेवटच्या चेअरने वर येते. चहा करून ठेवा, मग मी स्की करत खाली जाईन."

"वादळ बघितलंस का? हाडं मोडून घेशील."

"तुम्ही नर्स आहात ना? जोडा मग!"

चारला पाच कमी असताना ड्वेनचा फोन आला, "पाटी लावली. बासष्ट नंबर." मी किटलीत पाणी तापवून दोन कप मांडले. शेवटची चार-पाच माणसं उतरली, माना खाली घालून निघून गेली. मग बासष्ट आली, पिवळी पाटी फडफडत. आसावरी आलीच नव्हती.

मी फोन उचलला. "ड्वेन, पाटीच्या मागून कुणी बसलं का?"

"कुणी नाही. मी इथेच होतो."

"सगळा वेळ?"

"एक मिनिट गेट लावायला वळलो असेन. पण कुणी नव्हतं, याया."

तेवढ्यात वॉकीटॉकीवर वॉल्ट ओरडला, "पद्मा, वारा वाढलाय. बंद कर लिफ्ट!"

मी बटणावर हात ठेवला आणि माझं डोकं गरगरायला लागलं. आसावरी येते म्हणाली ते आजच ना? की कालचं बोलणं मी आजचं समजतेय? तिचा फोन लागत नव्हता. ती खोलीवर जाऊन झोपली असेल, तर मी भर वादळात लिफ्ट चालू ठेवून नोकरी घालवणार. आणि ती दोरावर असेल आणि मी बटण दाबलं, तर उणे वीसमध्ये जमिनीपासून तीस फुटांवर ती रात्रभर लटकणार. सकाळी काय मिळालं असतं ते मला नर्स म्हणून नीट माहीत होतं. मी टेबलाकडे पाहिलं. कप दोन होते. दहा मिनिटांपूर्वी याच हातांनी मांडलेले. मला डोक्याची खात्री नव्हती, पण हातांची होती.

"वॉल्ट, एक माणूस कमी आहे. मोजणी जुळल्याशिवाय मी बंद करणार नाही."

"पाटी आली ना? आत्ता बंद कर, नाहीतर उद्या येऊ नकोस!"

"नाही येत उद्या," मी म्हटलं. मग फोनवर ड्वेनला म्हटलं, "आणि तू खालून बटण दाबलंस तर मी चालत खाली येईन आणि तुझं बोट मोडेन."

ड्वेन म्हणाला, "माझे हात खिशात आहेत."

मी दारात उभी राहून मोजायला लागले. त्रेसष्ट, चौसष्ट. सगळ्या रिकाम्या, बार वर. बर्फ डोळ्यांत जात होता. चाळीस मोजल्या, साठ मोजल्या. आज नेमकी ती बिननंबरी कुठेच दिसेना. वॉकीटॉकीवर वॉल्ट शिव्या घालत होता. बावीस मिनिटांनी बर्फातून पिवळी पाटी पुन्हा दिसली. बासष्ट. पूर्ण फेरी झाली होती. शहाण्णव खुर्च्या, एकीवरही माणूस नाही.

शहाण्या माणसाने इथे बटण दाबलं असतं. ड्वेन शहाणा, वॉल्ट शहाणा, निहार तर फारच शहाणा. माझा हिशोब मात्र सत्याण्णवाचा होता. मी थांबले.

६

मघाशी बासष्टच्या मागे त्रेसष्ट आली होती. आता मधे एक खुर्ची होती.

आसावरी तिच्यावर बसलेली होती. पार डाव्या टोकाला, अंग चोरून, शेजारच्याला जागा करून द्यावी तशी. डोळे उघडे, ओठ निळे. बार खाली. खुर्ची उतरायच्या जागेवर आली आणि तेव्हा मी बटण दाबलं. सगळा दोर झोका खाऊन थांबला.

"आसावरी! ऊठ!" मी धावले. ती माझ्याकडे बघेना. मी दोन्ही हातांनी बार उचलायला गेले, तर तो हलेना. गोठलाय असं वाटलं. मग खाली बघितलं.

बारवर हातमोज्यांची एक जोडी होती. जुने, तपकिरी, मनगटापर्यंतचे. आसावरीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. ते हातमोजे रिकामे नव्हते, बोटं बारभोवती घट्ट वळलेली होती. मनगटांच्या वर मी पाहिलं का? पाहिलं असेन. पण आजही तिथपर्यंत येऊन माझी नजर बाजूला होते, आणि मी तिला तसं करू देते.

"ये गं," माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "जागा आहे."

माझी पाचावर धारण बसली होती. पण एक गोष्ट मला हजारदा करून माहीत होती. भूल उतरताना पेशंट पलंगाची कड अशीच धरून ठेवतो. त्याला वाटतं सोडलं की पडणार. तिथे ओढाताण करून उपयोग नसतो, जितकं ओढाल तितका तो घट्ट धरतो. मी माझे हात त्या हातमोज्यांवर ठेवले. गार होते ते, जाकिटाच्या आत माझ्या खांद्यापर्यंत गारठा गेला. आणि थिएटरमधल्या आवाजात, शांतपणे म्हटलं, "मी धरलंय. तुम्ही सोडा आता."

काहीच झालं नाही. मी पुन्हा म्हटलं, "मी धरलंय ना? सोडा."

एकेक बोट उलगडलं. मी बार धाडकन वर केला, आसावरीला काखेत धरून खेचलं, आणि स्कीसकट दोघी बर्फात पडलो. ती माझ्या अंगावर होती, जड, थरथरणारी, जिवंत! मी तिथे पडल्यापडल्या इतक्या मोठ्याने हसले की माझा घसा बसला.

७

वॉल्ट स्नोमोबाइलवरून आला तेव्हा आसावरी तीन जाकिटांत गुंडाळलेली, दोन्ही हातांनी कप धरून हीटरपाशी बसली होती. तो दारात थबकला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाहेर थांबलेल्या खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला.

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "अठरा वर्षं मी पाटी आली की बटण दाबतोय. कधीच थांबून बघितलं नाही." एवढं बोलून तो जमिनीवरच बसला. मी त्याला चहा दिला.

आसावरीला बोलता यायला तास गेला. "मावशी, तुम्हीच तर हाक मारलीत," ती म्हणाली. "पाटी निघून गेली होती, मी म्हटलं राहिलं आता. तर मागच्या चेअरवर तुम्ही बसलेल्या. ये गं, बस, जागा आहे. इतकं गोड बोललात! मला वाटलं, आज मावशींना झालंय तरी काय?"

"म्हणजे एरवी मी गोड बोलत नाही?"

"एरवी तुम्ही बोटं मोडता लोकांची, ड्वेन सांगत होता," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. रडून झाल्यावर दोघींना सडकून भूक लागली.

रात्री तिनेच निहारला फोन केला. खुर्चीचं सांगितलं नाही, फक्त सांगितलं की सगळे बंद कर म्हणत असताना तुझ्या आईने लिफ्ट चालू ठेवली म्हणून मी आज जिवंत आहे. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

"आई, तुला कसं कळलं?"

"मोजलं."

"आय ॲम सॉरी, आई." मग म्हणाला, "खालच्या खोलीत आम्ही आता टेबल टेनिसचं टेबल टाकतो."

"टाका. मी आले की हरवेन तुम्हाला."

सोमवारी सकाळी वॉल्टने सगळ्या लिफ्टवाल्यांना जमवलं आणि नवा नियम सांगितला. पाटी वर पोचल्यावर लिफ्टची आणखी एक पूर्ण फेरी करायची, दारात उभं राहून बघायचं, मगच बटण दाबायचं. कसं बघायचं ते याया शिकवेल, म्हणाला. सगळी माझ्याकडे वळली. अडतीस वर्षांत सर्जन लोकांनी इतका मान देऊन कधी ऐकलं नव्हतं. मी अशी फुगले की जाकिटाची चेन लागेना.

आसावरी म्हणाली, निदान आज तरी वर जाऊ नका. पण गेले नसते तर मग पुन्हा कधीच गेले नसते. दिवसभर ऊन होतं. चारला पाटी आली, मी दारात उभी राहिले. एकोणतिसाव्या खुर्चीनंतर ती आली. बार खाली, बैठक कोरडी. मी फावडं हातात घेतलं.

खुर्ची माझ्यासमोर आली तशी अगदी हळू झाली. लिफ्टचा वेग मी कमी केला नव्हता. बार आपसूक वर गेला.

"पद्मा," माझाच आवाज म्हणाला, अगदी मायेने. "दमलीस गं. किती वर्षं उभीच आहेस. ये, बस आता."

खरं तर गुडघे दुखत होते. मी फावडं बर्फात रोवलं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्या बैठकीकडे सरळ बघितलं.

"माझी ड्यूटी आहे," मी म्हटलं. "तुम्ही निघा."

बार खाली आला. खुर्ची चाकाला वळसा घालून उतरणीला लागली आणि मी पुढची मोजली. मग तिच्या पुढची. सगळ्या मोजून होईपर्यंत उभी होते.